खिळ्यावरचे दोन बोल्ट

ओब्दूलियोने खिळ्यावरून दोन्ही बोल्ट काढले आणि जाकिटाच्या खिशात टाकले. वजनाने जाकीट एका बाजूला ओढलं गेलं. केबिनमधून उतरताना त्याने सवयीने दाराच्या चौकटीला धरलं, डावा पाय आधी खाली टेकला आणि समोर उभ्या असलेल्या मुलीला म्हणाला की झालं माझं, आता न्या हिला.

मुलगी नगरपालिकेच्या सांस्कृतिक खात्यातून आली होती. नाव युरानी. सकाळपासून ती हातात फोन घेऊन दिसेल त्याचे फोटो काढत होती.

"काका, आतलं काही काढू नका हं. जसं आहे तसंच ठेवायचंय सगळं. तो खिळासुद्धा."

"खिळा आहे की जागेवर," ओब्दूलियो म्हणाला.

न्यायचं होतं ते माद्रिनाला. माद्रिना म्हणजे धर्माची आई, बाप्तिस्म्याच्या वेळी मूल हातात घेते ती. ला बेरोनिकाच्या घाटात हे नाव एका क्रेनचं होतं. लष्कराच्या भंगारातून आलेला जुना ट्रक, त्यावर रेल्वेच्या रुळांची जोडून केलेली सोंड, पाठीमागे पोलादी दोराचा रहाट आणि बोनेटखाली कुठल्याशा मेलेल्या बसचं इंजिन, असा सगळा उसनवारीचा संसार होता तिचा. घाटात कुणी गटारात रुतलं, कुणी कठड्यावर लटकलं, की ओब्दूलियो तिला घेऊन जायचा. वर काढलेल्या प्रत्येक गाडीसाठी सोंडेवर एक पांढरी रेघ ओढायची पद्धत होती आणि ज्याची रेघ असेल तो ड्रायव्हर स्वतःला माद्रिनाचा लेक म्हणवून घ्यायचा. सोंडेवर आता रेघेला जागा उरली नव्हती. पण तीन वर्षांपूर्वी डोंगराच्या पोटातून बोगदा निघाला, ट्रक घाट चढेनासे झाले आणि धर्माची आई दोन्या ओफिरच्या खानावळीमागे कोंबड्यांना सावली देत उभी राहिली.

आता नगरपालिका तिला बोगद्याच्या तोंडाशी चौथऱ्यावर बसवणार होती. खाली पितळी पाटी. 'ओब्दूलियो तांगारिफे आणि माद्रिना. यांनी कुणालाही वाटेत सोडलं नाही.' हे वाक्य गिल्दार्दोचं. गिल्दार्दो चाळीस वर्षं ट्रक चालवून निवृत्त झाला होता, पण बोलण्यातून काही निवृत्त झाला नव्हता.

दिवसही तसाच निवडला होता. सोळा जुलै, कार्मेनच्या माउलीचा, म्हणजे ड्रायव्हरांच्या देवीचा. सकाळपासून खानावळीसमोर ट्रक येऊन लागत होते. कुणी टपावर फुगे बांधलेले, कुणी बंपरला कागदी फुलं, एकाने तर माउलीची मूर्तीच समोरच्या काचेपुढे खुर्चीवर बसवलेली. दुपारी पाद्रीबाबा येऊन तीर्थ शिंपडणार, मग सगळे भोंगे वाजवत घाट उतरणार, आणि पुढे ट्रेलरवर माद्रिना. ओब्दूलियोने ट्रेलरच्या ड्रायव्हरशेजारी बसायचं, असं ठरलं होतं.

त्याआधी जेवण, आणि जेवताना युरानी जुन्या ड्रायव्हरांच्या गोष्टी फोनवर रेकॉर्ड करणार होती. चौथऱ्यापाशी एक बटण असेल, ते दाबलं की येणाऱ्याजाणाऱ्याला या गोष्टी ऐकू येतील. ओब्दूलियोची झोप उडवली होती ती या बटणाने. त्या गोष्टींत कमोडांची गोष्ट असणार, यात काही शंका नव्हती. ती तशीच रेकॉर्ड होऊ द्यायची की नाही, एवढंच ठरवायचं होतं, आणि ते ठरवूनच त्याने बोल्ट खिशात टाकले होते.

बोल्टांची हकीकत अशी. मोठ्या ट्रकचा हँडब्रेक हवेवर चालतो, आणि तोही उलटा. टाकीत हवा असली तर चाकं मोकळी. हवा गेली की आतली जाडजूड स्प्रिंग चाकं आवळून धरते. ट्रक गटारात जाऊन हवेची नळी तुटली की चाकं जाम होतात. असा ट्रक ओढायचा तर त्याच्या पोटाखाली शिरून मागच्या दोन्ही ब्रेकांत एकेक लांब बोल्ट घालायचा आणि पिळत जायचं. बोल्ट स्प्रिंगला मागे खेचून धरतो, चाकं सुटतात. काम झालं की बोल्ट काढायचे. काढायचे राहिले तर केबिनमधला हँडब्रेक नुसता फुस्स करतो, धरत काहीच नाही. ट्रकचे स्वतःचे बोल्ट ऐन वेळेला गंजलेले नाहीतर हरवलेले असतात, म्हणून ओब्दूलियो आपले दोन बाळगायचा. काम संपलं की ते खिळ्यावर. खिळ्यावर बोल्ट दिसले की मगच माद्रिना हलायची. हा नियम तो आयुष्यात एकदा चुकला.

चौतीस वर्षांपूर्वी, ऑक्टोबरातल्या एका दुपारी, धुक्यात लिबार्दो किसेनोच्या ट्रकचं मागचं चाक गटारात गेलं. लिबार्दो तेव्हा बत्तीस वर्षांचा. घाट उतरावा तर लिबार्दोनेच, असं म्हातारे ड्रायव्हरही म्हणत. ट्रक त्याचा स्वतःचा, जेमतेम आठ महिन्यांचा, आणि आत तीनशे कमोड, पेंढ्यात बांधलेले. ओब्दूलियोने बोल्ट पिळले, ट्रक ओढून दोन्या ओफिरच्या अंगणात आणला, हवेची नळी जोडून दिली. बोल्ट काढायला तो पुन्हा खाली शिरणार, तेवढ्यात कुणीतरी ओरडत आलं की वरच्या वळणावर बस लटकली आहे, माणसांसकट. तो तसाच धावला. जाताजाता लिबार्दोला म्हणाला, चाकाला दगड लाव. नवाकोरा हँडब्रेक आहे, दगड कशाला, असं म्हणून लिबार्दो हसला आणि गुळाचं गरम पाणी प्यायला आत गेला.

मागची चाकं ओल्या मातीच्या खळग्यात होती. त्या खळग्याने ट्रक पाऊण तास धरून ठेवला. मग रस्त्यावरून तेलाचा टँकर धडधडत गेला, जमीन हादरली आणि ट्रक मागे सरकत, कुंपण मोडून, दरीत गेला. माणूस मेलं नाही, कोंबडीसुद्धा नाही. बसमधली सत्तावीस माणसंही वाचली होती.

संध्याकाळी ओब्दूलियो बसचं काम उरकून केबिनमध्ये चढला तेव्हा खिळा रिकामा होता. रात्रभर त्याने विचार केला तो खरं सांगण्याचाच, हेही खोटं नाही. पण सकाळी पाहणी करतो म्हणून दोराने एकटा दरीत उतरला, मोडक्या ट्रकच्या मागच्या ब्रेकांतून दोन्ही बोल्ट पिळून काढले आणि शर्टाच्या आत खोचले. मग माद्रिनाने तो सांगाडा वर ओढला. रस्त्याच्या कडेला लिबार्दो उभा होता. त्याने विचारलं, मी हँडब्रेक ओढला होता ना, तू होतास तिथे. ओब्दूलियो म्हणाला, गडबडीत राहून जातं माणसाचं.

त्या एका वाक्यानंतर त्याला दुसरं खोटं कधी बोलावं लागलं नाही. बाकीचं लोकांनी केलं. लिबार्दोला कुणी पुन्हा ट्रक दिला नाही. विसरभोळ्या माणसाच्या हाती वीस टनांचं धूड कोण देणार? तो जुन्या विलिस जीपमधून मळ्यांतली केळी गावात आणू लागला आणि आजतागायत तेच करत होता. त्याचं नाव पडलं पिएद्रा, म्हणजे दगड. चार वर्षांनी ओब्दूलियो त्याच्या धाकट्या मुलीचा धर्मपिता झाला. तेव्हापासून ते दोघं एकमेकांना कोम्पाद्रे म्हणत. मुलीच्या शाळेचा पहिला गणवेश, लग्नातला केक, सगळं ओब्दूलियोने हौसेने केलं. लिबार्दोच्या घरी तो जाई तेव्हा पाही, की हा माणूस दाराला कुलूप घालून चार पावलं जातो आणि परत येऊन कुलूप ओढून बघतो. गॅस बंद केला का, म्हणून बायकोला दोनदा विचारतो. त्याची बायको देयानिरा हसून म्हणायची, याच्या डोक्याला मीच गाठ मारून ठेवली आहे. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तीही नवरा विसरभोळा आहे असं मानूनच.

खानावळीत लांब टेबलाला आठ-दहा जण बसले होते. दोन्या ओफिर चौऱ्याऐंशीची. चुलीपाशी खुर्ची टाकून ती नातसुनेवर नजर ठेवत होती. सांकोचोची, म्हणजे दाट रश्श्याची, भांडी आली, त्यातून कोंबडी, केळी, युकाचे कंद असं सगळं वाफाळत वर आलेलं. लिबार्दो नेहमीप्रमाणे सगळ्यांत शेवटी आला, कारण जीपच्या चारही चाकांना दगड लावायला त्याला वेळ लागे. बाहेरून कुणीतरी ओरडलं की पिएद्रा, पाचवा दगड स्टेपनीला लाव. लिबार्दो हसला, टोपी काढली आणि ओब्दूलियोच्या समोरच्या बाकावर बसला.

"काय कोम्पाद्रे, आज पुतळा होणार म्हणे तुमचा."

"माझा नाही. हिचा," ओब्दूलियो म्हणाला.

युरानीने फोन मिरचीच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि गप्पांना ऊत आला. बैलांच्या ट्रकची गोष्ट निघाली. माद्रिनाने ट्रक उचलून धरला, मागचं दार उघडलं आणि अकरा बैल ओळीने उतरून थेट चर्चच्या आवारात जाऊन बसले. एक तर कबुलीजबाबाच्या खोक्यात तोंड घालून उभा राहिला आणि पाद्रीबाबांना वाटलं, कुणी तरी फार मोठा पापी आला आहे. मग माद्रिना स्वतःच चिखलात बसली त्या वर्षाची. तिला काढायला दुसरी क्रेन या बाजूला नव्हतीच; शेवटी वरच्या वाडीतले सहा बैल जुंपले आणि त्यांचा मालक पुढे वर्षभर सांगत फिरला की तुमची धर्माची आई ती माझ्या बैलांची लेक. एक जण म्हणाला, दोर कितीही जाड असो, ताणल्यावर त्याच्यावर आपलं जाकीट टाकायचं, म्हणजे तुटला तरी चाबकासारखा उसळत नाही. हे ओब्दूलियोने शिकवलं म्हणून माझे दोन्ही पाय आज टेबलाखाली आहेत. सगळ्यांनी खाली वाकून पाय मोजल्यासारखं केलं. युरानी मनापासून हसत होती. ओब्दूलियोचा हात मात्र खिशातून बाहेर येत नव्हता.

"आता कमोडांची," कुणीतरी म्हणालं.

गिल्दार्दोने भांडं बाजूला सारलं. ही गोष्ट त्याची. दरवर्षी माउलीच्या दिवशी ती व्हायचीच आणि प्रत्येकाची त्यात नेमून दिलेली जागा होती. धुकं कसं होतं ते एक जण सांगायचा, टँकरचा आवाज दुसरा काढायचा. ट्रक मागे सरकताना लिबार्दो हातात कप घेऊन दारात येतो आणि म्हणतो, "हा माझ्या ट्रकसारखाच कुणाचा तरी ट्रक चालला." तिथे लिबार्दोने स्वतः ते वाक्य म्हणायचं. त्याने ते म्हटलंही. टेबल हसून लोटपोट झालं.

गिल्दार्दोने आवाज चढवला. दरीभर तीनशे कमोड, पांढरेशुभ्र, कॉफीच्या झाडांत बसलेले. दुसऱ्या दिवशी खालच्या वाडीतले लोक खेचरं घेऊन आले. न फुटलेले एकवीस निघाले. त्या वाडीत तोवर कुणाकडे संडास नव्हता, आणि पुढच्या माउलीला एकवीस घरांनी पिएद्राच्या नावाने मेणबत्ती लावली.

"आणि हे सगळं कशामुळे?" गिल्दार्दोने हात पसरले. "एका दगडामुळे. जो लावला नाही. आमचा ओब्दूलियो तर त्याला काय म्हणाला होता?"

इथे ओब्दूलियोची जागा होती. 'मी म्हटलं होतं, दगड लाव.' एवढंच. चौतीस वर्षं तो ते म्हणत आला होता आणि वाक्य खोटंही नव्हतं. सगळे त्याच्याकडे बघत थांबले. युरानीने फोन जरासा त्याच्या बाजूला वळवला. लिबार्दो हसरा चेहरा करून तयारच होता. टाळ्या पडल्या की टोपी उचलून दाखवायची, एवढं त्याचं काम उरलं होतं.

ओब्दूलियोने खिशातले बोल्ट काढून टेबलावर ठेवले. एक थोडा घरंगळला आणि मिठाच्या वाटीला लागून थांबला.

"बोल्ट आतच होते," तो म्हणाला.

टेबलाभोवती सगळे ड्रायव्हर. एकालाही समजावून सांगावं लागलं नाही. टँकरचा आवाज काढणाऱ्याने चमचा भांड्यात सोडला. गिल्दार्दोचे पसरलेले हात तसेच राहिले आणि मग हळूच खाली आले. चुलीपाशी दोन्या ओफिरने छातीवर क्रूसाची खूण केली.

लिबार्दो बोल्टांकडे बघत होता.

"दोन्ही?"

"दोन्ही. बसचं ऐकून धावलो, काढायचे राहिले. दुसऱ्या दिवशी दरीत उतरून मीच काढून आणले. तुला कळू नये म्हणून."

"कधी लक्षात आलं तुझ्या?"

"त्याच संध्याकाळी."

ओब्दूलियोला पुढे आणखी बोलायचं होतं. घरी त्याने आठवडाभर ते जुळवलं होतं, त्यात माफीचा शब्द होता, देयानिराचं नाव होतं. आता त्यातलं काही तोंडातून फुटेना. त्याला लाज वाटत होती, आणि छातीवरचा धोंडा उतरला म्हणून बरंही वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची आणखी लाज वाटत होती.

युरानी एकेकाचं तोंड बघत होती. हसता हसता एकदम काय झालं ते तिला कळेना.

"बोल्ट आत होते म्हणजे?" तिने विचारलं. "म्हणजे काय?"

गिल्दार्दोने तिला खूण केली की थांब, नंतर सांगतो. पण लिबार्दोनेच मान वर केली.

"म्हणजे हँडब्रेक मी ओढला होता, पोरी," तो म्हणाला.

मग त्याने उजवा हात टेबलावर ठेवला, पालथा, आणि त्याच्याकडे पाहिलं. कुणा दुसऱ्याचा हात असावा तसं पाहिलं.

"ओढला होता. फुस्स झालेलं ऐकलं होतं मी. पुढे पुढे वाटायला लागलं, की मनाचंच असेल."

तो उठला, टोपी घातली आणि बाहेर गेला. भांड्यातलं सांकोचो अर्धं तसंच राहिलं. युरानीने फोन उचलून बंद केला. गिल्दार्दोने एक बोल्ट उचलून पुन्हा खाली ठेवला. गोष्ट चाळीस वेळा सांगितली होती त्याने, निरनिराळ्या गावांत, लग्नांत, मयतांत.

"आजच सुचलं तुला?" तो ओब्दूलियोला म्हणाला. "माउलीच्या दिवशी?"

"मग कधी? बटण दाबल्यावर?"

ओब्दूलियो टेबलाला धरून उठला आणि बाहेर आला.

लिबार्दो निघून गेला असेल असं त्याला वाटलं होतं. पण तो जीपपाशीच होता. खानावळीच्या अंगणाला दरीकडे उतार आहे, त्या उतारावर, नव्या कुंपणाच्या अलीकडे विलिस उभी होती. मागे केळ्यांचे घड, आणि चारही चाकांना नदीतले गोल दगड, वापरून गुळगुळीत झालेले. लिबार्दो आत बसला. हँडब्रेक त्याने पूर्ण सोडला तशी जीप जराशी मागे येऊन दगडांवर टेकली. मग त्याने तो दांडा धरून ओढला. कर्र कर्र आवाज झाला. ओब्दूलियोला वाटलं, आता सोडून पुन्हा ओढेल, कुलपासारखा. पण लिबार्दोने एकदाच ओढला आणि उतरला.

खाली वाकून त्याने मागच्या डाव्या चाकाचा दगड ओढला. दगड घट्ट बसला होता, म्हणून टाचेने दोन लाथा घातल्या. निघाला तो उचलून ओब्दूलियोपुढे धरला.

"धर."

ओब्दूलियोने धरला. मग दुसरा आणला, मग पुढचे दोन. चार दगड म्हाताऱ्याच्या हातांत मावेनात. त्याने ते पोटाशी कवटाळले. आता चाकांना दगडाचा आधार उरला नव्हता. ओब्दूलियो नकळत जीपच्या मागे, दरीच्या बाजूला सरकला होता. लिबार्दोने ते पाहिलं.

"लिबार्दो," ओब्दूलियो म्हणाला, "त्या दिवशी मी तुला..."

"देयानिराला सांगायला हवं होतं," लिबार्दो म्हणाला. आवाज चढवला नाही. "मला नसतं सांगितलंस तरी चाललं असतं. तिला सांगायचं."

ओब्दूलियोने मान हलवली.

लिबार्दोने हात पँटला पुसले. तीस वर्षांत तो त्याला कोम्पाद्रेशिवाय काही म्हणाला नव्हता.

"ओब्दूलियो, तू इथे थांब. हलली तर मला हाक मार."

आणि तो आत गेला. दार उघडंच राहिलं. लिबार्दो बाकावर बसला, भांडं पुढे ओढलं आणि दोन्या ओफिरच्या नातसुनेला म्हणाला की निवलंय, जरा गरम घाल. गिल्दार्दोने त्याच्यापुढे भाकरीची टोपली सरकवली. कुणीतरी त्याला पिएद्रा म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

पाद्रीबाबा आले. ट्रकांवरून तीर्थ शिंपडत गेले, जीपवरही चार थेंब उडाले, ओब्दूलियोच्या टोपीवरही. ट्रेलरचा ड्रायव्हर दोनदा हाका मारून गेला की काका चला, तुमच्यासाठी जागा ठेवली आहे, युरानी वाट बघते आहे. ओब्दूलियोने मानेनेच नाही म्हटलं. त्याच्या हातांत दगड बघून ड्रायव्हरने आणखी काही विचारलं नाही.

मग भोंगे सुरू झाले. आधी एक, मग सगळे, आणि ट्रेलर निघाला. माद्रिनाची सोंड फुग्यांच्या वर डोलत अंगणासमोरून गेली, तिच्यावरच्या पांढऱ्या रेघा उन्हात नीट दिसत होत्या, आणि मागोमाग चाळीस-पन्नास ट्रक. ओब्दूलियोला पायांखालची जमीन थरथरताना कळत होती. ती त्याला चौतीस वर्षांपूर्वीही अशीच कळायला हवी होती, पण तो तेव्हा वरच्या वळणावर होता. त्याने वाकून एक दगड चाकाशी न्यायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर हात मागे घेतला.

शेवटचा ट्रक वळणाआड गेला. आतून भांड्यांचा आवाज येत होता. ओब्दूलियो दरीकडे पाठ करून, दगड पोटाशी धरून उभा होता, आणि जीप जागची हलली नव्हती.